ओवाळणी की हक्क : उमेदवाराची स्त्रियांविषयीची भूमिका कशी तपासावी

निवडणूक जाहीर झाली, की महिला मेळावे सुरू होतात. व्यासपीठावर जिजाऊ आणि सावित्रीबाई यांच्या प्रतिमांना हार घातला जातो, पैठणीचे खेळ रंगतात, वाणाच्या पिशव्या वाटल्या जातात आणि उमेदवार ‘माझ्या माता-भगिनींनो’ म्हणून भाषणाला सुरुवात करतो. एवढ्यावरून त्याची स्त्री-हक्कांविषयीची भूमिका कळणे शक्य नसते, कारण यातील कशालाच कोणत्याही पक्षाचा विरोध नसतो. भूमिका कळण्यासाठी थोडी कागदपत्रे पाहावी लागतात, थोडे जुने वाचावे लागते आणि नेमके प्रश्न विचारावे लागतात. हे काम कसे करावे, याची एक रीत येथे महाराष्ट्रातील निवडणुका डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे.

सुरुवातीलाच ओवाळणी आणि हक्क वेगळे करून घ्यावेत. ओवाळणी देणाऱ्याच्या खुशीवर असते. हक्क मागता येतो आणि नाकारला गेला तर त्यासाठी दाद मागता येते. शिलाई मशीन ही ओवाळणी आहे. वडिलोपार्जित जमिनीतील हिस्सा, केलेल्या कामाची स्वतःच्या नावावर मिळणारी मजुरी आणि कामाच्या ठिकाणी झालेल्या छळाची तक्रार ऐकणारी समिती हे हक्क आहेत. शिलाई मशीन वाटल्याने घरात किंवा गावात कोणी दुखावत नाही. हक्काचा प्रश्न निघाला, की भाऊ, मुकादम, ठेकेदार किंवा संस्थाचालक यांपैकी कोणीतरी दुखावतो, आणि नेमकी हीच मंडळी बहुतेक वेळा उमेदवाराच्या प्रचाराचा कणा असतात. त्यामुळे प्रत्येक विधानाला एकच कसोटी लावावी : हे बोलल्यामुळे किंवा केल्यामुळे उमेदवाराला स्वतःच्या माणसांची नाराजी पत्करावी लागली आहे का? ज्या विधानाची काहीच किंमत मोजावी लागली नाही, ते नोंदवून ठेवावे, पण त्याला फार वजन देऊ नये.

अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यानंतर मतदानापर्यंत साधारण दोनच आठवडे हातात राहतात. त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवसापासूनच एक वही करून प्रत्येक उमेदवारासाठी काही पाने राखून ठेवावीत. तीन-चार जणींनी किंवा जणांनी मिळून हे काम वाटून घेतले तर ते सहज होते.

पद कोणते, हे आधी पाहावे

नगरसेवकपदाच्या उमेदवाराला वैवाहिक बलात्काराच्या कायद्याविषयी विचारून फारसे काही हाती लागत नाही, आणि खासदारकीच्या उमेदवाराने चौकातील स्वच्छतागृहाचे आश्वासन दिले तर तो विषय टाळतो आहे असे समजण्यास हरकत नाही. व्यक्तिगत कायदे, फौजदारी कायदे, लोकसभा-विधानसभेतील आरक्षण हे मुख्यतः संसदेचे विषय आहेत. पोलीस, आरोग्य, एसटी, मानधनावर काम करणाऱ्या सेविका आणि कायद्यांची राज्यातील अंमलबजावणी यांबाबत आमदाराला विचारता येते. स्थानिक संस्थांचा प्रश्न तर थेट पैशांचा आहे. जिल्हा परिषदेने आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के, तर महापालिका व नगरपालिकांनी ५ टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी ठेवायची असते. ती खर्च झाली का, आणि झाली असेल तर कशावर, हा प्रश्न प्रत्येक स्थानिक उमेदवाराला विचारावा. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांसाठी मोफत मुताऱ्यांची मागणी लावून धरली गेली, तेव्हा पुरुषांना जे फुकट मिळते त्यासाठी बायकांना पैसे का मोजावे लागतात, एवढ्या साध्या प्रश्नावर महापालिकेला उत्तर द्यावे लागले. स्थानिक पातळीवरचा समतेचा प्रश्न इतका ठोस असू शकतो.

शपथपत्र : सर्वाधिक वेळ येथे द्यावा

लोकसभा व विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला ‘नमुना २६’ या नावाने ओळखले जाणारे शपथपत्र अर्जासोबत द्यावे लागते. २००२ आणि २००३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे मतदाराला ही माहिती मिळू लागली. शपथपत्र भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर पाहता येते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, म्हणून त्यांची शपथपत्रे तिकडे शोधावीत. बहुतेक जण हे शपथपत्र संपत्तीचा एकूण आकडा पाहून मिटतात. आपल्या कामासाठी मात्र त्यातील दोन जागा महत्त्वाच्या आहेत.

पहिली जागा गुन्ह्यांची. तेथे गुन्ह्याचा क्रमांक, न्यायालय, कलमे, थोडक्यात वर्णन आणि आरोप निश्चित झाले आहेत की नाहीत, हे लिहिलेले असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे आता दोन प्रकारचे कलम-क्रमांक दिसतात, आणि दोन्ही ओळखता आले पाहिजेत. जुन्या दंडविधानातील ३५४ (विनयभंग), ३७६ (बलात्कार), ४९८-अ (सासरचा छळ), ३०४-ब (हुंडाबळी) आणि ५०९ (स्त्रीचा अवमान करणारे शब्द वा हावभाव) ही कलमे नव्या संहितेत अनुक्रमे ७४, ६४, ८५, ८० आणि ७९ या क्रमांकांनी येतात. नुसती गुन्ह्यांची संख्या मोजू नये. आंदोलने करणाऱ्या कार्यकर्त्यांवर, आणि त्यांत स्त्री कार्यकर्त्याही आल्या, जमावबंदी मोडल्याचे किंवा सरकारी कामात अडथळा आणल्याचे डझनभर गुन्हे असू शकतात. १४३, १४७, १८८, ३४१ ही त्या प्रकारची नेहमीची कलमे होत. अशा बारा गुन्ह्यांपेक्षा ३५४ चा एक गुन्हा आपल्या विषयाशी अधिक संबंधित आहे. त्याच वेळी गुन्हा दाखल होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हेही वहीत त्याच ओळीत लिहून ठेवावे आणि प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहावे.

गुन्हे असलेल्या उमेदवाराला ती माहिती प्रचारकाळात तीन वेळा वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर प्रसिद्ध करावी लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० मधील आदेशानुसार, असा उमेदवार का निवडला आणि गुन्हे नसलेला दुसरा का मिळाला नाही, याची कारणे पक्षाला जाहीर करावी लागतात. निवडून येण्याची क्षमता एवढेच कारण चालत नाही. ही कारणे शोधून वाचण्यासारखी असतात. विनयभंगाचा खटला प्रलंबित असलेल्या माणसाच्या नावापुढे पक्षाने नेमके काय लिहिले आहे, यावरून पक्षाचीही भूमिका समजते.

शपथपत्राची मर्यादाही ओळखावी. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील अर्ज किंवा पोटगीचा दावा हा फौजदारी गुन्हा नसल्यामुळे या रकान्यात येईलच असे नाही, आणि उमेदवाराच्या मुलावरचे किंवा भावावरचे गुन्हे तर तेथे नसतातच. त्यासाठी कोणाच्या घरात डोकावत बसू नये. संसाराच्या ऐकीव गोष्टी वहीत आल्या, की बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

दुसरी जागा संपत्तीची, आणि तीही आडवी वाचावी. रकाने असतात ते स्वतः, पती किंवा पत्नी, अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेल्या व्यक्ती असे. शेतजमीन, बिगरशेती जमीन, घर, वाहने, सोने या प्रत्येक ओळीत पत्नीच्या रकान्यात काय आहे ते पाहावे. कित्येक शपथपत्रांत पत्नीच्या रकान्यात सोन्याचे तोळे असतात, आणि जमिनीच्या ओळीत ‘निरंक’ असते. महाराष्ट्रात बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची ‘लक्ष्मी मुक्ती’ ही मोहीम शेतकरी संघटनेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालवली, सरकारनेही त्यासाठी मार्ग मोकळा केला. त्याला आता तीन दशके उलटून गेली आहेत. व्यासपीठावर स्त्री-शक्तीचा गजर करणाऱ्या उमेदवाराला, आपल्या घरात ही मोहीम अजून का पोहोचली नाही, असे विचारता येते. अर्थात पत्नीच्या नावावर जमीन असली म्हणून ती समतेचीच खूण असते असे नाही; कर आणि कर्ज यांची सोय म्हणूनही मालमत्ता बायकोच्या नावावर केली जाते. गोव्यात तर वेगळेच आहे. तेथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार बहुतेक विवाहांत पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून गोव्याच्या उमेदवाराच्या शपथपत्रात पत्नीचा निम्मा वाटा दिसला तर ते त्याचे औदार्य मानू नये.

शेतजमिनीच्या तपशिलात गट किंवा सर्व्हे क्रमांक दिलेला असतो. तो घेऊन सातबारा आणि फेरफार पाहता येतात, आणि येथे एक गोष्ट अगदी जवळून दिसते. वडील वारल्यानंतरच्या वारसनोंदीत भावा-बहिणींची सगळ्यांची नावे लागतात. मग काही महिन्यांनी दुसरा फेरफार येतो आणि त्यात बहिणींनी ‘स्वखुशीने’ हक्कसोडपत्र करून दिल्यामुळे त्यांची नावे कमी केल्याचे लिहिलेले असते. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, केंद्राने ती २००५ मध्ये केली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क कायम राहतो असे स्पष्ट केले. तरीही माहेर तुटू नये म्हणून सही करून देणाऱ्या बहिणी प्रत्येक गावात आहेत. असा फेरफार दिसला तर त्याचा उपयोग फक्त प्रश्न विचारण्यासाठी करावा. बहिणींची नावे कोठेही पसरवू नयेत. त्या निवडणुकीला उभ्या नाहीत.

सभागृहातील नोंद कशी वाचावी

उमेदवार आधी आमदार किंवा खासदार राहिलेला असेल तर त्याचे काम तपासता येते. मात्र मतदान आणि प्रश्न यांत फरक करावा. पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश निघाला, की सदस्याला त्याविरुद्ध मत देणे सहसा परवडत नाही. शिवाय विधानसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यामुळे नावानिशी नोंदही राहत नाही. मत हे पक्षाचे असते. तारांकित प्रश्न (ज्याचे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा आणि अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले) या गोष्टी मात्र सदस्य स्वतः निवडतो. विधिमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर त्या सापडतात. पाच वर्षांत या सदस्याने स्त्रियांविषयी किती प्रश्न विचारले, यापेक्षा कोणाला अडचणीत आणणारे प्रश्न विचारले हे पाहावे. सदस्य सत्ताधारी असताना स्वतःच्याच सरकारला विचारलेला एक प्रश्न विरोधात असताना विचारलेल्या दहा प्रश्नांहून अधिक बोलका असतो.

उदाहरण म्हणून महिला आरक्षण विधेयकाचे मतदान घ्यावे. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत या विधेयकाच्या बाजूने ४५४ मते पडली आणि विरोधात दोन. ती दोन मते एमआयएमच्या खासदारांची होती आणि त्यांतील एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे होते. नुसता तक्ता पाहिला तर ४५४ जण समतावादी आणि दोघे स्त्री-विरोधी असा निष्कर्ष निघेल, पण भाषणे वाचली तर वेगळे दिसते. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम स्त्रियांना स्वतंत्र वाटा नाही, असा त्या दोघांचा आक्षेप होता. ओबीसी स्त्रियांच्या वाट्याची मागणी करणारे इतर अनेक सदस्यही होते, त्यांनी ती मागणी मांडून बाजूने मत दिले. हा आक्षेप पटो अथवा न पटो, तो वाचल्याशिवाय मताचा अर्थ लावू नये. दुसरीकडे, बाजूने मत देणाऱ्यांना त्या दिवशी काही गमवावे लागणार नव्हते, कारण मंजूर झालेल्या मजकुरात आरक्षणाची अंमलबजावणी पुढील जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांना बांधलेली होती. मग बाजूने मत देणाऱ्या पक्षांनी चौदाच महिन्यांनी स्वतःहून काय केले ते पाहावे. नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत ४,१३६ उमेदवारांपैकी ३६३ स्त्रिया होत्या आणि २८८ जागांपैकी २१ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. उमेदवारी देण्यासाठी ना जनगणना लागते ना पुनर्रचना.

राज्यातील उदाहरण स्त्रिया व बालकांवरील अत्याचारांसाठी कठोर शिक्षा सुचवणाऱ्या ‘शक्ती’ विधेयकाचे आहे. डिसेंबर २०२० मध्ये मांडलेले हे विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते एकमताने मंजूर केले. त्यावर राष्ट्रपतींच्या संमतीची मोहोर मात्र उमटली नाही. मूळ मसुद्यातील फाशीची तरतूद, तपासासाठीची अतिशय कमी मुदत आणि खोट्या तक्रारीसाठी शिक्षा या तिन्ही गोष्टींवर स्त्री-संघटनांनी हरकत घेतली होती. त्या वेळी सभागृहात असलेला उमेदवार आज ‘आम्ही शक्ती कायदा आणला’ असे म्हणत असेल, तर त्याला या हरकतींविषयी विचारावे. कठोर शिक्षेची मागणी करणे सोपे असते, कारण तिचा खर्च कोणालाच लगेच करावा लागत नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील रिक्त पदे भरायला पैसे लागतात.

जाहीरनाम्यातील क्रियापदे

जाहीरनाम्याला फार वेळ देऊ नये. ‘सक्षमीकरण करण्यात येईल’, ‘प्रयत्नशील राहू’, ‘प्राधान्य देऊ’ अशी वाक्ये सरळ काटावीत आणि ज्या वाक्यात रक्कम, मुदत, पद किंवा कायद्याचे नाव आहे, तेवढीच उतरवून घ्यावीत. बहुधा अर्धे पान उरते.

रोख रकमेच्या योजनांकडे मात्र न्याय्य दृष्टीने पाहावे. २०२४ च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत पात्र स्त्रीला महिन्याला १,५०० रुपये ठरले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत महायुतीने ते २,१०० करण्याचे आणि महाविकास आघाडीने ३,००० रुपये देण्याचे वचन दिले. या बोलीला ‘रेवडी’ म्हणून झिडकारणाऱ्यांनी, स्वतःच्या नावाच्या खात्यात पहिल्यांदाच नियमित पैसे येणाऱ्या बाईकडून त्याचा अर्थ ऐकून घ्यावा. पण ही ओवाळणी हक्कापर्यंत पोहोचते का, हे कळण्यासाठी बारीक प्रश्न विचारावे लागतात. पात्रता कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, तर नवऱ्याने टाकलेल्या पण अजून त्याच्याच शिधापत्रिकेवर नाव असलेल्या बाईचे कुटुंब कोणते? वगळले गेल्यास तिने कोणाकडे आणि किती दिवसांत दाद मागायची? पैसे अर्थसंकल्पातील कोणत्या लेखाशीर्षातून येणार आणि कोणता खर्च कमी होणार? २,१०० आणि ३,००० यांची तुलना करणाऱ्यांपेक्षा या प्रश्नांची उत्तरे देणारा उमेदवार विषय समजून बोलतो आहे, असे मानता येते, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

समोरासमोर विचारताना

प्रश्न असा विचारावा की त्याचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादे नाव-आकडा यांतच यावे लागेल. ‘स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी आपण काय करणार?’ या प्रश्नाला वीस मिनिटांचे भाषण मिळते. ‘आपल्या जिल्ह्यात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी स्थानिक समिती आहे का, आणि तिच्या अध्यक्ष कोण आहेत?’ या प्रश्नाला शांतता मिळते. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती लागते, आणि त्याहून लहान जागांसाठी, घरकामगारांसाठी आणि मालकाविरुद्धच तक्रार असेल तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. गोव्यातील एका प्रकरणाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या कायद्याच्या ढिसाळ अंमलबजावणीवर बोट ठेवले आणि समित्यांची तपासणी करण्याचे निर्देश दिले. ज्या उमेदवाराच्या स्वतःच्या शिक्षणसंस्था, साखर कारखाना, पतसंस्था किंवा बाजार समिती आहे, त्याला तर आणखी सोपा प्रश्न विचारता येतो : आपल्या संस्थेतील अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे कोणत्या भिंतीवर लावली आहेत?

प्रश्न मतदारसंघाप्रमाणे बदलावेत. बीड किंवा आसपासच्या ऊसतोड पट्ट्यात ‘कोयत्या’विषयी विचारावे. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम मुकादमाकडून पुरुषाच्या हाती येते, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा म्हणून दंड कापला जातो. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, आणि हिशेबाच्या वहीत तिचे नाव नसते. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधान परिषदेत गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या मतदारसंघातील उमेदवाराने शिलाई मशीनवर बोलून चालणार नाही. कोयता मोडून बाईची स्वतंत्र नोंद आणि तिच्या खात्यात तिची मजुरी, याला त्याची लेखी तयारी आहे का, हे विचारावे. त्याच्या प्रचारसभेला माणसे आणणारा मुकादम तेथेच बसलेला असतो, हे ध्यानात ठेवून विचारावे.

अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्याविषयी विचारताना ‘मानधन की वेतन?’ एवढाच प्रश्न पुरतो. मानधन वाढवण्याला सर्वांचा होकार असतो; वेतन म्हटले, की बाई कामगार ठरते, भविष्य निर्वाह निधी येतो, ग्रॅच्युइटी येते. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला आहे. या दोन शब्दांत उमेदवार कोणता निवडतो, ते लिहून घ्यावे.

उत्तर शब्दशः लिहून घ्यावे, सारांश करू नये. एका मंगल कार्यालयातील सभेत, अशी वही करणाऱ्या आमच्या गटातील एका बाईंनी उमेदवाराला हक्कसोडपत्राविषयी विचारले, तेव्हा त्याने हसून ‘आमच्या बहिणींना आम्ही काही कमी करत नाही’ असे उत्तर दिले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. आम्ही वहीत ‘प्रश्न टाळला’ असे लिहिणार होतो. मग ते वाक्यच जसेच्या तसे लिहिले. दुसऱ्या दिवशी वही वाचणाऱ्या बायकांना त्यावर आमच्या शेऱ्याची गरज भासली नाही.

तोंडून निघालेले शब्द

भाषणातील घसरलेल्या शब्दांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत असे काही जण म्हणतात, पण सार्वजनिक माणसाचे शब्द हे त्याचे कामच असते. मे २०२२ मध्ये भाजपचे चंद्रकांत पाटील यांनी सुप्रिया सुळे यांना उद्देशून घरी जाऊन स्वयंपाक करण्याची भाषा वापरली आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवसेना (उद्धव ठाकरे) पक्षाचे अरविंद सावंत यांच्या ‘माल’ या शब्दावरून शिवसेनेच्या (शिंदे) उमेदवार शायना एन. सी. यांनी गुन्हा नोंदवला. सावंत यांनीही दिलगिरी व्यक्त केली. दोन वेगळ्या आघाड्यांतील ही उदाहरणे शेजारी ठेवण्याचे कारण एवढेच, की आपल्याला जवळचा वाटणारा पक्ष असला की आपण ‘तसा अर्थ नव्हता’ म्हणतो आणि दूरचा असला की राजीनामा मागतो. वहीत दोघांसाठी एकच नियम ठेवावा : काय बोलले, कोणत्या संदर्भात बोलले, नंतर काय म्हणाले आणि पक्षातील इतरांनी त्या वेळी काय केले. प्रचारात असे काही कानावर पडले तर भारत निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रार-सुविधेवर चित्रफितीसह तक्रार नोंदवता येते.

उमेदवार स्त्री असेल तर

तपासणी सौम्य करू नये आणि अधिक कडकही करू नये. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत, त्यामुळे पत्रकावर बाईंचा फोटो लहान आणि त्यांच्या यजमानांचा किंवा सासऱ्यांचा मोठा असे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. ‘सरपंचपती’ हा शब्द आपल्याकडे विनोद म्हणून वापरला जातो, पण त्याच बाई दुसऱ्या वर्षी ग्रामसभेत स्वतः उभ्या राहून बोललेल्याही लोकांनी पाहिल्या आहेत. प्रश्न बाईंनाच विचारावा, आणि उत्तर शेजारच्या माणसाने देऊ केले तर नम्रपणे ‘ताई, आपण सांगा’ म्हणावे. त्यांना थांबायला वेळ द्यावा. स्त्री उमेदवारालाच तिच्या घर-संसाराचे काय होणार असे विचारणारे प्रश्न वहीत असतील, तर ते खोडून टाकावेत किंवा पुरुष उमेदवारांनाही विचारावेत.

वहीचा पुढचा उपयोग

तक्ता करताना गुण देऊ नयेत. दहापैकी सात म्हटले, की वाचणारी सात पाहते आणि मजकूर वाचत नाही. प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून घेतली ते लिहावे : शपथपत्राचे पान, कार्यवाहीची तारीख, सभेचे ठिकाण. ज्याचा आधार दाखवता येत नाही, ते व्हॉट्सॲपवर पाठवू नये. बदनामीचा दावा होऊ शकतो आणि त्याहून वाईट म्हणजे खरी नोंदही खोटी ठरते. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाआधीच्या ४८ तासांत प्रचार थांबतो, तेव्हा जे वाटायचे ते त्याआधी वाटून संपवावे. बचत गटाच्या बैठकीत वही मोठ्याने वाचणे हा वाटण्याचा सर्वांत चांगला मार्ग, कारण तेथे चुकीची नोंद लगेच पकडली जाते.

निकालानंतर निवडून आलेल्या व्यक्तीची पाने फाडू नयेत. दिलेल्या उत्तरांतील तपासण्याजोगे एक वाक्य निवडावे, जसे की ‘सहा महिन्यांत स्थानिक समितीचा फलक तहसील कार्यालयात लावू’, आणि मुदत उलटल्यावर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. महाराष्ट्रात अशा अर्जाला दहा रुपयांचा न्यायालयीन शुल्क मुद्रांक लागतो, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. उत्तर आले, की ते त्याच पानावर, त्या वाक्याच्या खाली चिकटवावे.